नकाशातले विमानतळ: तयार 'प्रकार' घ्यायचा की तपशिलांवरून आपण ठरवायचा?

जिल्ह्याचा किंवा विभागाचा मराठी नकाशा स्वतः तयार करणाऱ्याला विमानतळांचा लेयर लावताना दोन वाटा दिसतात. अवरएअरपोर्ट्स या जगभरच्या विमानतळांच्या खुल्या यादीची तयार सीएसव्ही (तक्त्याची फाइल) घ्यायची आणि तिच्यातला 'प्रकार' हा कॉलम जसाच्या तसा वापरायचा, ही एक. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशातून एरोवेचे टॅग, म्हणजे विमानतळ-धावपट्ट्यांना जोडलेल्या तपशिलांच्या नोंदी, काढायच्या आणि कोणत्या जागेला कोणतं चिन्ह द्यायचं ते आपण ठरवायचं, ही दुसरी. सातारा, सांगली आणि आसपासच्या जिल्ह्यांच्या नकाशासाठी मी दोन्ही वापरून पाहिल्या आणि आता एकीवर स्थिरावलो आहे. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल कशी आणायची, ओपनस्ट्रीटमॅपमधून माहिती काढायला ओव्हरपासची क्वेरी कशी लिहायची हे तुम्हाला येतं असं धरून पुढे लिहितो.

तयार कॉलमची बाजू आधी, कारण ती खरोखर भक्कम आहे. मोठा, मध्यम, छोटा, हेलिपोर्ट, पाण्यावरचा तळ, बलूनचा तळ आणि बंद, इतकेच प्रकार. मोठा म्हणजे वर्षाला कित्येक दशलक्ष प्रवाशांची नियमित सेवा किंवा महत्त्वाचा लष्करी तळ. मध्यम म्हणजे प्रादेशिक विमानसेवा किंवा बऱ्यापैकी वर्दळ. छोटा म्हणजे नियमित सेवा जवळपास नाही, हलकी विमानं येतात-जातात. नियमित सेवा आहे की नाही हे सांगणारा कॉलम वेगळा, धावपट्ट्यांची फाइल वेगळी. डेटा सार्वजनिक मालकीचा आहे, त्यामुळे परवान्याची कसलीही अट नाही. अख्ख्या देशाचा, लहान प्रमाणाचा नकाशा करायचा असेल आणि त्यात मुंबई-पुण्याचं चिन्ह ठळक, कोल्हापूरचं मध्यम एवढंच दिसायला हवं असेल, तर यापेक्षा सोयीचं काही मला माहीत नाही. फाइल आणली, कॉलमवर चिन्हं बसवली, काम झालं.

अडचण प्रमाण वाढवलं की सुरू होते. आपल्या दोन जिल्ह्यांत तर लगेचच.

माझा निर्णय ज्या एका गोष्टीवर झाला ती म्हणजे 'बंद' हा प्रकार. सांगलीहून तासगावच्या रस्त्याला लागलं की कवलापूर येतं. तिथल्या धावपट्टीवर आज विमान उतरत नाही. पण तिची जागा आहे, तिथे विमानतळ व्हावा ही सांगलीकरांची मागणी कित्येक वर्षांची आहे आणि त्या जमिनीचं काय होणार यावरून आंदोलनंही झाली आहेत. सांगली जिल्ह्याचा नकाशा उघडणारा स्थानिक माणूस ही जागा हमखास शोधतो. मी ज्यांना ज्यांना मसुदा दाखवला, त्यांतल्या बहुतेकांचं बोट आधी तिकडेच गेलं.

आता एकाच कॉलमच्या पद्धतीत कवलापूर कुठे बसवणार? 'छोटा' लिहिलं तर ती जागा आणि कऱ्हाडचा वापरातला विमानतळ एका चिन्हाने दिसतात आणि नकाशा चक्क खोटं बोलतो. 'बंद' लिहिलं तर ती आधी काय होती हे त्याच क्षणी पुसलं जातं, कारण 'बंद' हा शब्द 'छोटा'च्या जागेवर येऊन बसतो. बंद पडलेला मोठा विमानतळ, माळावरची जुनी पट्टी आणि जिच्यावर आता इमारती उभ्या आहेत अशी पट्टी, तिघांची ओळख एकच. शिवाय आपण बहुतेक जण पहिल्याच फिल्टरमध्ये 'बंद' काढून टाकतो. फिल्टर लावला तर कवलापूर नकाशावरून जातं, नाही लावला तर सगळा गाळ वर येतो. आकार, वापर आणि सद्यस्थिती हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिन्हींचं उत्तर एका खान्यात कोंबलं की कुठलंच पुरतं मिळत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर विषयांचे गुण न छापता नुसती श्रेणी छापावी, तसं ते होतं.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये हीच गोष्ट टॅगच्या आधी लागणाऱ्या शब्दाने सुटते. धावपट्टी वापरात नाही पण थोड्या खर्चात पुन्हा चालू होऊ शकेल, तर 'डिसयूज्ड:एरोवे=रनवे'. मोडकळीला आली आहे, पण खुणा दिसतात, तर 'अबॅन्डन्ड'. जमीनदोस्त झाली, तर 'रेझ्ड'. मूळ ओळख तशीच राहते, लांबी राहते, पृष्ठभाग राहतो, फक्त स्थिती बदलते. माझ्या नकाशात कवलापूर आता तुटक रेषेच्या फिकट पट्टीने दिसतं, विमानाच्या चिन्हाशिवाय. डांबर किती शिल्लक आहे, गवत किती आलं आहे, हे जागेवर जाऊन पाहिलं की 'डिसयूज्ड' लिहायचं की 'अबॅन्डन्ड' हे ठरवता येतं.

कऱ्हाडचा प्रश्न वेगळा. तो विमानतळ कोयना प्रकल्पाच्या काळातला. साधारण तेराशे मीटरची डांबरी धावपट्टी, ताबा महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे, वैमानिक प्रशिक्षणाची विमानंही तिथे उडाली आहेत. पण तिकीट काढून प्रवाशाला जाता येईल अशी सेवा नाही. तयार कॉलममध्ये याला 'छोटा' म्हणणं चूक नाही. पण एखाद्या खासगी संस्थेने आपल्या जागेत केलेली, वर्षात क्वचित वापरली जाणारी पट्टीही 'छोटी'च ठरते. नकाशा पाहणाऱ्याला यातला फरक कळायला हवा, निदान आपत्तीच्या वेळी कुठे विमान उतरू शकेल असा विचार करणाऱ्याला तरी. २०१९ चा महापूर पाहिलेल्या भागात ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही.

टॅगच्या पद्धतीत कऱ्हाड 'एरोवे=एरोड्रोम' आणि खासगी पट्टी 'एरोवे=एअरस्ट्रिप'. सीमारेषा कुठे आखायची हे काटेकोर ठरलेलं नाही, तिथे तारतम्य लागतं. मी साधा नियम धरला आहे: हँगर, कार्यालय, वाऱ्याची दिशा दाखवणारा मोजा, कुंपण अशी कायमची व्यवस्था आणि सार्वजनिक मालकी असेल तर एरोड्रोम. नुसती पट्टी असेल तर एअरस्ट्रिप. कुणी याहून वेगळी रेषा आखली तरी मी वाद घालणार नाही, फक्त एका नकाशात ती एकच असावी.

कोडवरून वर्ग ठरवायचा मोह होतो, तो मात्र आवरा. तीन अक्षरी कोड आहे म्हणजे विमान मिळतं, असं नाही. सोलापूरला 'एसएसई' हा कोड असूनही मधली बरीच वर्षं नियमित सेवा नव्हती. ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. रत्नागिरीलाही कोड आहे, पण तिथला तळ तटरक्षक दलाच्या वापरातला.

पुण्याचं उदाहरण आपल्याला आणखी जवळचं, कारण साताऱ्याचा प्रवासी तिकडेच जातो. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आणि प्रवासी टर्मिनल त्याचा एक भाग. तयार कॉलममध्ये आकाराचा एकच शब्द मिळतो, नागरी की लष्करी ते त्यातून कळत नाही. टॅगमध्ये दोन्ही बाजू लिहिता येतात: जमिनीचा वापर लष्करी, विमानतळाचा प्रकार लष्करी आणि सार्वजनिक, टर्मिनलची इमारत वेगळी.

कोल्हापूर दोन्हीकडे नीट बसतं. राजाराम महाराजांच्या काळात उभा राहिलेला उजळाईवाडीचा हा विमानतळ सांगली-मिरजेच्या लोकांना सगळ्यात सोयीचा. त्याची १,३७० मीटरची धावपट्टी वाढवून १,९३० मीटर केली, तेव्हा टॅगमध्ये धावपट्टीची रेषा लांबली आणि आकडा बदलला. एवढाच बदल, पण नेमका हवा तिथे.

आता टॅगच्या बाजूची कटकटही सांगायला हवी. विमानतळाचा प्रकार लिहायला दोन टॅग समांतर चालतात, 'एरोड्रोम' आणि 'एरोड्रोम:टाइप'. कुणी आंतरराष्ट्रीय-देशांतर्गत लिहितो, कुणी सार्वजनिक-खासगी, कुणी काहीच नाही. ओपनमॅपटाइल्ससारख्या तयार टाइल्स (ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले नकाशाचे तयार तुकडे) वापरल्या तर त्या याच टॅगवरून आंतरराष्ट्रीय, सार्वजनिक, प्रादेशिक, लष्करी, खासगी आणि इतर असे वर्ग करतात. टॅग नसला की जागा 'इतर'मध्ये पडते. म्हणजे आपल्या भागातल्या जागा एकेक करून तपासाव्या लागतात. दोन जिल्ह्यांत त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे मला जड गेलं नाही. अख्ख्या राज्याचं काम असेल तर जाईल. ओपनस्ट्रीटमॅपच्या ओडीबीएल या खुल्या डेटाच्या परवान्यामुळे श्रेयही द्यावं लागतं आणि डेटाबेसमध्ये भर घातली तर ती त्याच अटींवर खुली ठेवावी लागते.

मराठी नकाशा करणाऱ्यासाठी एक गोष्ट टॅगच्या पारड्यात पडते. 'नेम:एमआर' या मराठी नावाच्या टॅगमध्ये नाव देवनागरीत लिहिता येतं आणि ते सगळ्यांनाच मिळतं. तयार सीएसव्हीतली नावं रोमन लिपीत, ती तुम्हाला आपल्या फाइलमध्ये पुन्हा लिहावी लागतात.

हेलिपॅडबद्दल थोडक्यात. सभेसाठी शाळेच्या मैदानावर फक्की टाकून केलेला 'एच' कुठल्याच पद्धतीत नोंदवू नये. काँक्रीटचा कायमचा असेल तरच नोंदवा.

तुम्हाला आठवड्याभरात नकाशा छापायला द्यायचा असेल, प्रमाण लहान असेल आणि विमानतळ हा त्यातला दुय्यम विषय असेल, तर तयार कॉलम घ्या, काही बिघडणार नाही. पण नकाशा जिल्ह्याचा असेल, तो तिथलीच माणसं पाहणार असतील आणि पुढची काही वर्षं तुम्हीच तो सांभाळणार असाल, तर मी टॅगकडेच झुकेन. 'प्रकार' डेटात लिहू नका, तपशील लिहा. चिन्ह कोणतं द्यायचं ते स्टाइलच्या नियमाला ठरवू द्या: वापरात आहे का, नियमित सेवा आहे का, धावपट्टी डांबरी आहे का, याच क्रमाने.

सुरुवात कऱ्हाडपासून केलेली बरी. तिथे एकच पथ्य पाळा. विस्ताराची चर्चा बरीच वर्षं चालू आहे आणि जमीन देण्याला शेतकऱ्यांचा विरोधही आहे. म्हणून आजच्या कुंपणाच्या आतलं तेवढंच विमानतळ म्हणून आखा. वाढीव धावपट्टी दाखवायचीच असेल तर टॅगच्या आधी 'प्रपोज्ड' (प्रस्तावित) लावून वेगळी रेषा काढा, आणि त्या रेषेखालची शेतं शेतं म्हणूनच राहू द्या.