रेनॉक्स डीसीआर-250: किट लेन्सवरच मॅक्रो शिकायचंय त्यांच्यासाठी

मॅक्रो (म्हणजे किडे-मुंग्यांसारख्या बारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो) करायचंय पण 100 एमएमची मॅक्रो लेन्स आत्ता बजेटमध्ये बसत नाहीये असं जो कोणी म्हणतो त्याला मी हेच सांगतो, आधी रेनॉक्स डीसीआर-250 घ्या. जपानी क्लोज-अप लेन्स आहे, +8 डायऑप्टरची (चष्म्याच्या नंबरासारखी भिंगाची पॉवर), आपल्याकडच्या लेन्सच्या तोंडावर क्लिपने बसवायची, 52 ते 67 मिमी फिल्टर साइज (लेन्सच्या तोंडाचा व्यास) असेल तर बसतेच. मी कॅननच्या 55-250 झूम लेन्सवर लावतो, 250 ला झूम केलं की साधारण दुप्पट मॅग्निफिकेशन मिळतं (सेन्सरवर वस्तूची प्रतिमा खऱ्या आकाराच्या दुप्पट), म्हणजे जेमतेम 11-12 मिमी रुंदीची जागा अख्खी फ्रेम भरून टाकते! एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावली की उजेड खाल्ला जातो, तसं इथे होत नाही, आणि रिव्हर्स रिंगवर (लेन्स उलटी बसवायची रिंग) ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधलं भोक लहान-मोठं करायचा, कंट्रोल जातो तीही भानगड नाही.

घरचंच उदाहरण देतो. कुंडीतल्या कढीपत्त्यावर लाइम बटरफ्लाय अंडी घालतं, नुसत्या डोळ्यांना फक्त पिवळसर ठिपका दिसतो, पण यातून बघा, गोल, गुळगुळीत, चकचकीत मणी, आणि अळी बाहेर यायची वेळ झाली की तोच काळपट पडतो. नंतर ती इवलीशी अळी, अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, तिच्या अंगावरचे बारीक काटेसुद्धा स्पष्ट येतात. हे पहिल्यांदा दिसलं ना की माणूस तासभर कुंडी सोडत नाही.

आता शिकण्याचा भाग. एवढ्या जवळून फोकसमध्ये येणारी जागा एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते, त्यामुळे ऑटोफोकस बंद करा आणि स्वतःच हळूहळू पुढे-मागे झुलत किड्याचा डोळा शार्प झाला की क्लिक करा. कॅमेरा मॅन्युअलवर, ॲपर्चर एफ/11, शटर 1/200 सेकंद, आयएसओ 200 आणि फ्लॅश. फ्लॅशवर डिफ्यूजर (उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) हवाच हवा, पांढऱ्या पॅकिंग फोमचा घरी केलेलाही मस्त चालतो, तो नसेल तर मुंगळ्याच्या पाठीवर नुसता पांढरा डाग येतो आणि सगळी मेहनत वाया. माझ्या मते लेन्सपेक्षा या उजेडावर जास्त वेळ घालवावा, फरक तिथेच पडतो.

मर्यादाही आहेत. झूम कमी केला की कोपरे काळे होतात, लांबचं काही फोकस होत नाही, आणि किड्यापासून फक्त 11-12 सेंमीवर जावं लागतं. जंपिंग स्पायडर उलट वळून आपल्याकडेच बघतो, तो चालतो, पण चतुर आणि फुलपाखरं भुर्रकन उडतात. मुख्य आवड तीच असेल तर याच कंपनीची डीसीआर-150 बघा, +4.8 ची आहे, मॅग्निफिकेशन कमी पण 20 सेंमीवरून काम होतं. कास पठारावर थोडं अंतर राखून दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचे चिकट थेंब टिपायचे असतील तरी मी तीच नेईन.