पेस्ट नवी, पंखा तसाच: पीटीएम ७९५० पट्टी घ्यावी का?

हनीवेलची पीटीएम ७९५० ही पातळ करडी पट्टी थर्मल पेस्टच्या, म्हणजे प्रोसेसरची चिप आणि तिची गरमी ओढून नेणारं धातूचं हीटसिंक यांच्यामध्ये लावतात त्या लेपाच्या, जागी बसते. पेस्टपेक्षा महाग, लावायला जरा नाजूक, पण तापणाऱ्या लॅपटॉपसाठी बहुतेक पेस्टपेक्षा सरस. तरीही ‘पेस्ट बदलली आणि पंखा घोंघावतोच आहे’ म्हणून ती मागवणार असाल, तर आधी दोष कुठे आहे ते बघा. तो पेस्टमध्ये नसेल तर पट्टीचे पैसे पाण्यात.

बघायला अर्धा तास पुरतो. तापमान आणि पंख्याचा वेग दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम फुकट मिळतो. तो सुरू करून बाकी सगळं बंद करा आणि दहा मिनिटं लॅपटॉपला हात लावू नका. टास्क मॅनेजरमध्ये अपडेट किंवा अँटिव्हायरस प्रोसेसर खात असेल तर ते आधी संपू द्या. मग आकडे वाचा.

तापमान ४५-५० अंश आणि पंखा मात्र पूर्ण वेगात, असं असेल तर गरमीचा प्रश्नच नाही. बहुतेक लॅपटॉपच्या पंख्याला चार तारा असतात: दोन विजेच्या, एक वेग सांगणारी, एक वेग ठरवणारी. ही शेवटची निसटली की पंखा सुसाट सुटतो. पेस्ट बदलताना बऱ्याचदा पंखा काढावा लागतो, आणि घाईत कनेक्टर नखाने न उचलता तारा धरून ओढला जातो. मागचं कव्हर उघडून कनेक्टर सरळ आणि शेवटपर्यंत बसलाय का, एखादी तार टोकाशी सैल झालीय का, ते बघा. ते ठीक असेल तर चार्जर काढा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून ठेवा आणि परत जोडा. राहिलं सेटिंग. एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, ‘फॅन ऑलवेज ऑन’ असतं, लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपांवर एफएन आणि क्यू दाबून मोड बदलतो. चुकून परफॉर्मन्स मोड लागलेला असणं ही हसण्यासारखी गोष्ट वाटते, पण आधी तेच बघून घ्या.

आता प्रोसेसरवर पूर्ण ताण टाका. तापमान दोन-तीन सेकंदांत ९५ वर उडालं, तर बहुधा हीटसिंक चिपला नीट टेकत नाही. चार-पाच मिनिटं हळूहळू चढत गेलं, तर टेकतंय ठीक, हवा बाहेर जात नाहीये. हवेचं कारण पटकन सापडतं. गरम हवा बाहेर पडते त्या जाळीच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा अडकलेला असतो, किंवा पंखा आणि जाळी यांच्या सांध्यावरची काळी टेप काढून फेकलेली असते. ती टेप शोभेची नाही. ती नसली की गरम हवा बाहेर जाण्याऐवजी आतच फिरते. कॅप्टॉन टेपने (गरमी सोसणारी पिवळसर टेप) सांधा बंद केला तरी काम होतं.

न टेकण्याचं प्रकरण जास्त किचकट. चिपच्या बाजूच्या मेमरी आणि कॉइलवर मऊ थर्मल पॅड असतात. मूळ पॅड ०.५ मिलिमीटरचा असताना हाताशी होता म्हणून १ मिलिमीटरचा लावला, की हीटसिंक त्या पॅडवरच टेकतं आणि चिपवर फट राहते. पेस्ट कितीही भारी असो, ती फट भरायला बनलेली नसते. हीटसिंक उचलून ठसा बघा. चिपभर जाड, ओलसर थर राहिला असेल तर पॅड जाड आहेत. एका कडेला थर आणि दुसऱ्या कडेला धातू उघडा दिसत असेल तर स्क्रू तिरके आवळले गेलेत. स्क्रूंच्या शेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. त्याच क्रमाने, आधी सगळे अर्धे, मग सगळे पूर्ण.

आणखी एक कारण सहज सुटून जातं. लेनोवोच्या काही लीजन गेमिंग लॅपटॉपांत कारखान्यातूनच हीच पट्टी येते, आसुसच्या काही आरओजी गेमिंग लॅपटॉपांत लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टच्या जागी पातळ धातू. ते ‘वाळलंय’ समजून खरवडून साधी पेस्ट लावली, की पंखा आधीपेक्षा जोरात फिरणारच. इथे पट्टी जरूर घ्या. लिक्विड मेटल घरी परत लावण्याच्या भानगडीत पडू नका. त्यातून वीज वाहते आणि ते अ‍ॅल्युमिनियम खातं.

पट्टीचं खरं गिऱ्हाईक मात्र वेगळं. पेस्ट लावल्यावर काही आठवडे पंखा शांत होता आणि मग आवाज हळूहळू वाढत गेला, असा लॅपटॉप. लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं. चिप तापते, थंड होते, फुगते, आकसते, आणि पातळ पेस्ट दर वेळी थोडी थोडी कडेला ढकलली जाते. शेवटी मध्यभाग कोरडा. पट्टी खोलीच्या तापमानाला घट्ट असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरते, आणि जागा सोडत नाही. डब्यावरच्या उष्णतावाहकतेच्या आकड्याला म्हणूनच फार भुलू नये. पट्टीचा आकडा ८.५ आहे. १२ लिहिलेल्या पेस्टी मिळतात, पण कडेला गेलेली पेस्ट १२ ची काय आणि २० ची काय.

लावण्याची रीत. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिप आणि हीटसिंक दोन्ही पुसा. पट्टी बंद पाकिटात १०-१५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. गरम खोलीत ती च्युइंगगमसारखी कागदाला चिकटून फाटते, आणि वैशाखातल्या इंदूरमध्ये तर हमखास. दोन्ही कागद असतानाच चिपच्या मापाची कापा. एका बाजूचा कागद काढून चिपवर ठेवा, बोटाने हलकं दाबा, मग वरच्या कागदाच्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावून झटक्यात ओढा. कोपरा तुटला तर तुकडा परत तिथेच ठेवा, वितळून एकजीव होतो. स्क्रू क्रमाने आवळून वीस मिनिटं ताण द्या, थंड होऊ द्या, असं तीन-चारदा करा. पहिल्या फेरीचे आकडे वाईट दिसतात, त्यावर निकाल देऊ नका.

उणिवा आहेत. पट्टी ०.२५ मिलिमीटरची, त्यामुळे पॅडची जागा घेऊ शकत नाही. एकदा हीटसिंक उचललं की नवी लावावी लागते. नकली मालही खूप, म्हणून बिल आणि परतीची सोय असेल तिथूनच घ्या. आणि १५ वॅटचा प्रोसेसर असलेल्या ऑफिसच्या लॅपटॉपला तिची गरज नाही. तिथे आर्क्टिक एमएक्स-४ सारखी पेस्ट पुरते. ४ ग्रॅमची ट्यूब कितीतरी वेळा चालते, कारण एका चिपला साबुदाण्याच्या एका दाण्याएवढीच लागते. कोरड्या दाण्याएवढी बरं, खिचडीतल्या नव्हे. ती मात्र चिपच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पसरवायची.

तापमानाची तुलना करताना खोलीही मोजा. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना पेस्ट लावली आणि मेमध्ये ३५ च्या खोलीत आवाज वाढला, तर चिपही साधारण तेवढेच अंश वर असणार. ही वाढ पट्टीने खाली येत नाही. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की बऱ्याच लॅपटॉपांत टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि पंखा लगेच निवतो. उन्हाळ्यापुरतं तेवढं बस.

स्वतः उघडायचं नसेल आणि इंदूरच्या सिल्वर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात टाकणार असाल, तर पट्टी सोबत न्या आणि काउंटरवर तीन गोष्टी विचारून घ्या. ‘भिया, पैड कितने एमएम का डालोगे?’ हा पहिला प्रश्न. जाळीवरची टेप परत लावणार का, हा दुसरा. आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती अडवून धरणार का, हा तिसरा. मोकळा पंखा ब्लोअरच्या झोताने भलत्याच वेगात फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. मग जी घरघर सुरू होते ती थंड लॅपटॉपमध्येही ऐकू येते. तिच्यावर पेस्टही चालत नाही आणि पट्टीही, पंखाच बदलावा लागतो. तो मागवताना मॉडेलचं नाव पुरत नाही, पंख्याच्या मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर जुळवून घ्या.