डिफ-लॉकचा स्विच आणि पिशवीवर छापलेला क्रमांक

जुन्या लँड रोव्हर डिफेंडरच्या ट्रान्सफर बॉक्सवर, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये वाटणाऱ्या पेटीवर, बसणारा, जेमतेम अंगठ्याएवढा एक स्विच विकत घेताना माझी फसवणूक झाली. तिची हकीकत मी सविस्तर लिहीत आहे, कारण ज्या रीतीने मला फसवले गेले ती रीत कोणत्याही जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या कोणत्याही लहान सुट्या भागाच्या बाबतीत वापरता येण्यासारखी आहे. विक्रेत्याचे नाव मी देत नाही. नाव दिले तर वाचणारा तेवढे एक नाव टाळेल आणि त्याच युक्तीला दुसऱ्या दारात बळी पडेल.

स्विच लहान असला तरी त्याचे काम लहान नाही. या गाडीत मुख्य गिअरबॉक्सच्या मागे एलटी२३० हा ट्रान्सफर बॉक्स असतो; १९८३ पासून २०१६ मध्ये जुन्या डिफेंडरचे उत्पादन थांबेपर्यंत तो, वेळोवेळी बदल होत, वापरात राहिला. चारही चाकांना कायम जोर मिळतो आणि मधला डिफरन्शियल पुढच्या व मागच्या ॲक्सलला गरजेप्रमाणे वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. चिखलात किंवा वाळूत हा डिफरन्शियल लॉक करावा लागतो; यालाच डिफ-लॉक म्हणतात. मात्र पक्क्या रस्त्यावर तो लॉकच राहिला, तर वळणावर दोन्ही ॲक्सलच्या गतींतील फरकाला वाट मिळत नाही, शाफ्ट आणि गिअरमध्ये पीळ साचत जातो, टायर घासतात आणि शेवटी लॉक सोडवणारा दांडाही जागचा हलेनासा होतो. दांडा सरकला म्हणजे आतले दाते सुटलेच असे मानता येत नाही. ते खरोखर जुळले आहेत की सुटले आहेत, हे चालकाला सांगणारी एकच खूण असते, ती म्हणजे डॅशबोर्डवरचा छोटा दिवा. आणि तो दिवा या स्विचवर अवलंबून असतो.

माझ्या गाडीतला तो दिवा लागेनासा झाला. स्विचच्या दोन वायरी काढून, इग्निशन चालू ठेवून, मी त्या एकमेकींना जोडल्या, तेव्हा दिवा लगेच लागला. म्हणजे बल्ब आणि वायरिंग ठीक होते व दोष स्विचमध्येच होता. इथपर्यंत मी शहाण्यासारखा वागलो. पुढे मात्र जुना स्विच खोलून मोजण्याआधीच मी नव्याच्या शोधाला लागलो, कारण ट्रान्सफर बॉक्सच्या पुढच्या हाउसिंगवर तो ज्या अडचणीच्या जागी बसतो तिथे हात घालण्याचा मला कंटाळा आला होता. त्या कंटाळ्याने विक्रेत्याचे निम्मे काम करून ठेवले.

विक्रेत्याने सुरुवातीला माझ्यावर अतिशय चांगली छाप पाडली. त्याने लगेच किंमत सांगितली नाही. उलट गाडीचा चेसिस नंबर, नोंदणीचे वर्ष, इंजिन, मला हव्या असलेल्या भागाचा क्रमांक आणि डॅशबोर्डचा फोटो असे सारे मागून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याने एक नीटनेटका मजकूर पाठवला, ज्यात माझा चेसिस नंबर, माझे वर्ष, माझे इंजिन आणि मीच दिलेला भागाचा क्रमांक एकाखाली एक मांडून शेवटी “पडताळणी पूर्ण, भाग जुळतो” असे लिहिले होते. तो मजकूर आज वाचताना स्पष्ट दिसते की मी न सांगितलेली एकही गोष्ट त्यात नव्हती. माझीच माहिती त्याने मला प्रमाणपत्र म्हणून परत केली, आणि मी ती समाधानाने स्वीकारली.

चेसिस नंबरच्या बाबतीत येथे थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेकांची फसगत याच ठिकाणी होते असे माझे मत झाले आहे. चेसिस नंबर सांगतो तो गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात काय होते हे. आज तिच्यात काय आहे हे तो सांगू शकत नाही. माझी गाडी कागदोपत्री १९९५ ची आहे. १९९४ च्या सुमारास या गाड्यांमधला एलटी७७ हा पाच गिअरचा बॉक्स जाऊन आर३८० आला, त्यामुळे नियमाप्रमाणे माझ्या गाडीत आर३८० असायला हवा. प्रत्यक्षात कोणा आधीच्या मालकाने तिच्यात जुना एलटी७७ बसवलेला आहे, आणि हे ओळखायला गाडीखाली शिरण्याचीही गरज नाही, कारण एलटी७७ मध्ये रिव्हर्स डावीकडे पुढे पडतो आणि आर३८० मध्ये उजवीकडे मागे, पाचव्याच्या खाली. मी ही विसंगती विक्रेत्याला सांगितली, तेव्हा तो क्षणभरही न अडखळता म्हणाला, “म्हणूनच तर तुम्हाला एलटी७७ चा स्विच पाठवतो आहे, साहेब.”

हे उत्तर ऐकताच मी फोन ठेवायला हवा होता. डिफ-लॉकचा स्विच मुख्य गिअरबॉक्सवर नसतोच. मुख्य बॉक्सवर असतो तो रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच. डिफ-लॉकचा स्विच असतो मागच्या ट्रान्सफर बॉक्सवर, आणि पुढचा बॉक्स एलटी७७ असो की आर३८०, ट्रान्सफर बॉक्स एलटी२३० च असतो. ज्याला हा फरक ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून जो दुर्लक्ष करतो, त्याची “पडताळणी” कशाची होती हे उघड आहे. हाच गृहस्थ पुढे म्हणाला की हा स्विच “डिस्कव्हरीसकट सगळ्या लँड रोव्हरना चालतो”. दुसऱ्या पिढीच्या सुरुवातीच्या डिस्कव्हरींना डिफ-लॉकचा दांडासुद्धा दिलेला नव्हता, मग तिथे लॉकच्या दिव्याचा स्विच कशाला चालणार होता, हा प्रश्न मला फार उशिरा सुचला.

पार्सल आले तेव्हा दिसायला सगळे यथायोग्य होते. जाड पारदर्शक पिशवी होती, तिच्यावर छापील लेबल होते आणि लेबलावर मी मागितलेला क्रमांक होता. आतल्या स्विचच्या धातूवर मात्र कोणताही आकडा नव्हता. षटकोनी डोक्याच्या एका बाजूस कानस फिरवल्यासारखा चकचकीत पट्टा होता, जो मी त्या वेळी कारखान्यातील सफाईचा समजलो. विक्रीच्या पानावरील फोटोत स्विचला जागी घट्ट धरणारा चेकनट दिसत होता, आलेल्या वस्तूला तो नव्हता. विचारल्यावर उत्तर मिळाले की जुना क्रमांक बंद झाला असून त्याच्या जागी आलेल्या नव्या क्रमांकाच्या मालात चेकनट नसतो.

ही थाप पटण्यासारखी आहे, म्हणूनच ती धोक्याची आहे. क्रमांक खरोखरच बदलतात. या गाड्यांच्या भागांचे जुने क्रमांक साधारणपणे तीन अक्षरे व चार अंकांचे होते, पुढे तीन अक्षरे व सहा अंकांचे आले आणि त्यानंतर एलआर या अक्षरांनी सुरू होणारे सहा अंकी क्रमांक आले. परंतु एका क्रमांकाची जागा दुसरा घेतो तेव्हा तशी नोंद उत्पादकाच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये असते, आणि जो विक्रेता “नवा क्रमांक” म्हणतो त्याला तो क्रमांक सांगता आला पाहिजे. मी तो विचारला नाही; आणि पिशवीवर तर जुनाच क्रमांक छापलेला होता, म्हणजे त्याचे स्पष्टीकरण त्याच्याच लेबलाशी जुळत नव्हते.

त्याच दिवशी त्याचा संदेश आला: “पार्सल सुखरूप मिळाले का? क्रमांक बरोबर आहे ना?” मी भिडेखातर लिहिले, “हो, मिळाले, क्रमांक बरोबर आहे.” या एका ओळीने पुढे माझी तक्रार बुडवली.

बसवण्याची रीत अशी आहे की इग्निशन चालू करून डिफ-लॉक लावायचा, तो खरोखर बसला आहे याची खात्री करायची, वायरी जोडलेला स्विच दिवा लागेपर्यंत हळूहळू आत फिरवायचा, दिवा लागल्यावर आणखी अर्धा फेरा द्यायचा आणि चेकनट आवळायचा. चेकनट हा शोभेसाठी नसतो; प्लंजर, म्हणजे स्विचच्या टोकाची दाबली जाणारी खीळ, शाफ्टपासून किती अंतरावर राहील हे त्याच्यामुळेच ठरते. मी वायरी जोडल्या आणि स्विच अजून माझ्या हातातच असताना दिवा लागला. म्हणजे हा स्विच उलट्या जातीचा होता: मोकळा असताना जोडलेला आणि दाबल्यावर तुटणारा. डिफ-लॉकला हवा असतो नेमका याच्या विरुद्ध, मोकळा असताना तुटलेला आणि प्लंजर दाबला गेला की जोडला जाणारा. मी फोन केला, तेव्हा त्याने शांतपणे समजावले की नवे स्विच “बसल्यावर जागा धरतात”, पूर्ण आत गेला की दिवा विझेल आणि मग लॉकप्रमाणे लागेल. विजेचा कोणताही स्विच असे काही करीत नाही हे मला कळत होते, तरीही समोरचा माणूस रोज हेच विकतो आणि आपण आयुष्यात एकदा बसवतो आहोत, या विचाराने मी पाना उचलला.

स्विच हाताने दीड-दोन फेरे गेला आणि अडला. आटे जुळत असतील तर असा स्विच जवळजवळ पूर्ण अंतर बोटांनीच फिरत जातो. दोन फेऱ्यांनंतर घट्ट होणे ही आट्यांचे अंतर वेगळे असल्याची खूण आहे, कारण व्यास सारखा आणि अंतर थोडे निराळे असले तरी पहिले एक-दोन आटे एकमेकांत शिरतातच. मी पान्याने जोर दिला. स्विच पोलादी आणि हाउसिंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, त्यामुळे हार कोणाची होणार हे ठरलेलेच होते. तो बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत चंदेरी किस अडकलेला होता आणि भोकातले आटे दातांनी कुरतडल्यासारखे झाले होते.

त्यानंतरची दुरुस्ती मूळ स्विचच्या कितीतरी पट खर्चाची आणि कटकटीची ठरली. ऑइल काढून टाकावे लागले, किस आत पडू नये म्हणून हाउसिंग खोलून काढावे लागले, भोक मोठे करून त्यात मूळ मापाचे आटे असलेला इन्सर्ट बसवावा लागला. हे काम ज्या मेकॅनिकने केले त्याने तो नवा स्विच हातात घेऊन नखाने डोक्यावरचा चकचकीत पट्टा खरवडला, प्रकाशात तिरका धरला आणि कानशीखाली अर्धवट उरलेली दोन अक्षरे मला दाखवली. पिशवीवरच्या क्रमांकाशी त्यांचा काही संबंध नव्हता. कोणत्या तरी भलत्याच गाडीचा पडून राहिलेला माल नाव पुसून, नव्या लेबलाच्या पिशवीत घालून माझ्याकडे आला होता.

पैसे परत मागितले तेव्हा विक्रेत्याची भाषा बदलली. आधी तो म्हणाला की विजेचा भाग बसवल्यानंतर परत घेतला जात नाही. मी म्हटले की तो बसलाच नाही, तर म्हणाला की आट्यांवर खुणा आहेत, म्हणजे तुम्ही तो बिघडवला. पैसे भरण्याच्या सेवेकडे मी तक्रार नोंदवली, तेव्हा त्याने माझा तो “क्रमांक बरोबर आहे” हा संदेश पुरावा म्हणून जोडला, आणि तक्रार निकालात निघाली. माझ्याकडे पिशवी उघडतानाचा एकही फोटो नव्हता. कानस मारलेल्या पट्ट्याचा फोटो होता, पण तो आटे खराब झाल्यानंतरचा. शेवटी त्याने निम्मी रक्कम देऊ केली, अट एवढीच की मी कुठेही प्रतिकूल लिहू नये. ती रक्कम मी घेतली नाही, आणि यात मोठेपणा काही नाही. फार संताप आला होता एवढेच.

योग्य स्विच कसा ओळखला तेही सांगतो, कारण ते काम अर्ध्या तासाचे निघाले. जुना स्विच स्वच्छ पुसून व्हर्नियरने आट्यांचा बाहेरचा व्यास घेतला आणि पिच गेजची पाती लावून दोन आट्यांमधले अंतर पाहिले. गेज नसेल तर दहा आट्यांची लांबी मोजून दहाने भागले तरी चालते. त्यानंतर आटे संपतात तिथपासून प्लंजरच्या टोकापर्यंतची लांबी घेतली, मोकळी आणि पूर्ण दाबलेली अशी दोनदा. जुन्या स्विचचे आतले संपर्क जळालेले असल्याने तो मल्टिमीटरवर काहीच सांगत नव्हता, परंतु त्याची जात कोणती हे गाडीच्या वायरिंगवरूनच कळत होते: वायरी जोडल्या की दिवा लागतो आणि लॉक लावल्यावर दिवा लागायला हवा, तेव्हा दाबल्यावर जोडला जाणाराच स्विच पाहिजे. ट्रान्सफर बॉक्सच्या अंगावर ठोकलेला क्रमांक घासून वाचला आणि त्याचा फोटो घेऊन ठेवला.

ही मापे घेऊन मी जुन्या गाड्या मोडून भाग विकणाऱ्या एका माणसाकडे गेलो. त्याने एका एलटी२३० वरून माझ्यासमोर स्विच काढला. चेकनट त्याच्यावर होताच. मल्टिमीटर लावून मी प्लंजर दहा-बारा वेळा दाबला आणि प्रत्येक वेळी जोड लागल्याचा आवाज आला, सोडल्यावर प्रत्येक वेळी थांबला. वायरी लागतात त्या टोकांशी तेलाचा ओलावा नाही ना हेही पाहिले, कारण आतले सील गेलेला स्विच विजेच्या दृष्टीने ठीक असला तरी प्लंजरच्या बाजूने तेल वर चढून वायरींपर्यंत झिरपत राहते. तो माणूस कंटाळून म्हणाला, “वापरलेला आहे, गॅरंटी नाही.” मी त्याला म्हटले की एवढे खरे बोललात तेवढे पुरे आहे.

नव्या इन्सर्टमध्ये तो स्विच बोटांनी शेवटपर्यंत गेला. दिवा लागल्यावर अर्धा फेरा देऊन मी चेकनट आवळला, लॉक काढून गाडी थोडी मागेपुढे केली, आणि दिवा विझला. भलता स्विच अजून माझ्याकडे आहे. त्याच पिशवीत, त्याच लेबलासह तो हत्यारांच्या पेटीत ठेवला आहे, आणि पिशवीला बांधलेल्या पुठ्ठ्यावर खऱ्या स्विचची मापे लिहून ठेवली आहेत.