जॅक रसेल की पार्सन रसेल? आधी टेप घेऊन जा

गेल्या महिन्यात कुत्र्याच्या पिल्लासाठी मावसभावाचा फोन आला. "दादा, पार्सन मिळायलाय. घेऊ, का तुझ्यासारखा जॅकच बघू?" तो उचगावला राहतो, घराभोवती मोकळी जागा आहे, शिवाय करवीर तालुक्यात वडिलांचा ऊस. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत, जुन्या घरात, मागं जेमतेम परसू. माझ्याकडं सात वर्षांपासून जॅक रसेल जातीचा कुत्रा आहे, टिक्या. कपाळावर तपकिरी ठिपका, बाकी सगळा पांढरा.

दोन्ही जाती एकाच माणसाच्या नावावर आहेत, घोळ तिथूनच सुरू होतो. जॉन रसेल हा इंग्लंडातल्या डेव्हनचा पाद्री, जन्म 1795, मृत्यू 1883. जॉनचं लाडाचं नाव जॅक आणि पाद्री म्हणजे पार्सन. ऑक्सफर्डला शिकत असताना 1819 मध्ये त्यानं एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी टेरियर (बिळातली शिकार करणारी लहान जात) कुत्री घेतली आणि पुढची सगळी पैदास तिच्यापासून सुरू झाली, असं सांगतात. गंगावेशीत रात्री दुधाच्या कट्ट्यावर मी ही गोष्ट सांगितली तर म्हशीजवळ बसलेले एक काका म्हणाले, "म्हंजे धारवाल्याचंच कुत्रं की!"

रसेलसाहेबांना कोल्ह्याच्या शिकारीसाठी कुत्रं हवं होतं. घोड्यांच्या मागं मैलोन्‌मैल पळेल आणि कोल्हा बिळात शिरला की मागोमाग आत घुसेल, असं. पळायला पाय लांब पाहिजेत, घुसायला छाती अरुंद. हे मूळ रूप ज्यानं जास्त सांभाळलं तो पार्सन. आखूड पायांची ओळ वेगळी निघाली, ऑस्ट्रेलियात नीट घडवली गेली, तो आजचा जॅक. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबनं उंच कुत्र्याला 1990 मध्ये मान्यता दिली ती 'पार्सन जॅक रसेल' या नावानं. त्यातला 'जॅक' 1999 मध्ये गळाला. बुटक्याला तिथं मान्यता मिळाली थेट 2016 मध्ये. अमेरिकेत 2003 पर्यंत उंचालाच जॅक रसेल म्हणत आणि तिथल्या केनेल क्लबात बुटका नुसता 'रसेल टेरियर' आहे. त्यामुळं परदेशी व्हिडिओ बघून मत बनवताना तो कुठल्या कुत्र्याबद्दल बोलतोय हे आधी बघा.

फरक पायात आहे. जॅकची उंची खांद्यापाशी 25 ते 30 सेंटिमीटर, वजन पाच-सहा किलो, आणि अंग उंचीपेक्षा लांब. पार्सन नर साधारण 36, मादी 33 सेंटिमीटर, वजन सहा ते आठ किलो, बाजूनं बघितलं तर चौकोनी. गुळगुळीत, खरखरीत आणि मधल्या केसांचे प्रकार जॅकमध्ये मिळतात. पार्सनही गुळगुळीत किंवा खरखरीत केसांचा असतो. पांढरे केस दोघांचेही गळतात. काळी पँट घालून टिक्याला उचलायचं मी कधीच सोडून दिलंय.

स्वभाव मात्र एकच, आणि लोक फसतात ते इथं. एचएमव्हीच्या तबकडीवरचा भोंग्यासमोर शांत बसलेला निप्पर कुत्रा आठवतो? त्याच्यात जॅक रसेलचं रक्त होतं असं मानतात. आमच्या घरी असा शांतपणा मी फक्त अंगात ताप असताना बघितलाय. एरवी खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. परसात घुस आली की टिक्या आधी मान तिरकी करतो, शेपूट ताठ, पुढचा एक पाय हवेत. मग माती उडायला लागते. मागच्या पावसाळ्यात त्यानं तुळशीवृंदावनाच्या कडेला कोपरभर खोल भगदाड पाडलं आणि आईनं तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. उंदीर मेला तरी काळजी संपत नाही: उंदरानं विष खाल्लेलं असेल तर ते कुत्र्याच्या पोटात जातं, आणि उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. पंचगंगेचं पाणी गल्लीत येतं त्या भागात तर लेप्टोची लस चुकवूच नका.

आता पेठेतलं घर किंवा फ्लॅट असेल तर मी जॅक म्हणेन. आकार लहान, रिक्षात मांडीवर बसतो, जिन्यावरून उचलून नेता येतो. पण लहान म्हणजे कमी व्यायाम, हा गैरसमज काढून टाका. सकाळी रंकाळ्यावर पाऊण तास, संध्याकाळी तेवढाच, आणि मधे डोक्याला काम. एवढा वेळ नसेल तर दोन्हीचा नाद सोडा. मोकळं आवार असेल, तुम्ही स्वतः पळणारे असाल, मुलं जरा मोठी असतील, तर पार्सन शोभतो. लांब पायांचं कुत्रं सायकलबरोबर सहज पळतं. दोन्ही पट्ट्याशिवाय रस्त्यावर सोडायचे नाहीत. मांजर दिसलं की कान बंद होतात, आणि गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांपुढं माघार घेणं यांच्या रक्तात नाही.

उसाचा विषय वेगळा. मावसभावाला वाटत होतं, कुत्रं फडात सोडलं की उंदीर संपले. मी त्याला विहिरीच्या बांधाची गोष्ट सांगितली. टिक्या घुशीच्या बिळात शिरला आणि अडकला. आतून भुंकणं ऐकू येत होतं, दिसत काहीच नव्हतं. दोघांनी खोऱ्यानं अर्धा तास माती ओढली तेव्हा मागचे पाय हाताला लागले. ते बीळ घोणशीचं निघालं असतं तर? गंमत अशी की घोणसालाही इंग्रजीत रसेलचंच नाव आहे, पण तो रसेल वेगळा: पॅट्रिक रसेल, अठराव्या शतकातला सापांचा अभ्यासक. सहा किलोच्या जिवाला घोणस चावला तर हाताशी वेळ फार थोडा असतो. त्यामुळं फडात पार्सनही नको आणि जॅकही नको. बांधावर, पट्ट्यात, तेवढंच.

खाण्याचं थोडक्यात. पांढऱ्या रश्शातही कांदा-लसूण असतो, तांबड्यात तर असतोच, आणि दोन्ही कुत्र्याला बाधतात. तासगावचे बेदाणे तर चुकूनही नकोत, त्यानं मूत्रपिंडं जातात.

आजारही जवळपास सारखेच. डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकणं हा दोन्हींतला आनुवंशिक रोग, वेळेत कळला नाही तर आंधळेपण. त्याची डीएनए चाचणी होते. पिल्लाच्या आईवडिलांची झालीय का, विचारा. गुडघ्याची वाटी सरकते. पांढऱ्या अंगाच्या कुत्र्यांत बहिरेपण येतं. पिल्लाच्या पाठीमागं स्टीलचा चमचा पाडून बघा, पण एकाच कानानं बहिरं पिल्लू या परीक्षेत पास होतं, हे ध्यानात ठेवा.

शेवटी आम्ही ते 'पार्सन' बघायला गेलो. विकणाऱ्यानं पिल्लं टोपलीत आणून ठेवली, देखणी होती. मी म्हटलं, आई दाखवा. जरा कुरकुर झाली, मग आणली. खांद्याच्या मागं दोन्ही हातांनी छाती धरली, बोटं खाली आणि अंगठे वर टेकले. बिळात शिरण्याइतकी छाती अरुंद आहे का, याची ही परीक्षा. पण ती दोन्ही जातींत जमते, त्यानं काही ठरत नाही. मग टेप लावला. जमिनीपासून खांद्यापर्यंत अकरा इंच, आणि अंग त्याहून लांब. कागद मागितले तर त्यावर 'जॅक रसेल' छापलेलं. मालक म्हणाला, "वाढंल की ओ, वडील उंच हाय." पार्सनच्या नावाखाली भाव मात्र दीडपट. 2016 मध्ये विक्रीसाठी बाहेरून कुत्री आणण्यावर सरकारनं निर्बंध घातले होते, आणि खरा पार्सन आपल्याकडं सहज मिळत नाही. 'पार्सन' शब्द ऐकलात की आधी टेप काढा. मादी तेरा, नर चौदा इंचांच्या आसपास भरायला हवा, तोही वाढ पूर्ण झालेला. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कुणी देत असेल तर तिथूनच परत फिरा. ते नियमातही बसत नाही.

आम्ही रिकाम्या हातानं परतलो. मावसभावाचं मन आता जॅककडं झुकलंय, पण जॅकच्या भावात. सध्या तो कंपाउंडच्या जाळीखाली दीड फूट खोल विटा बसवून घेतोय, आणि गवंडी रोज विचारतोय, आत नक्की काय ठेवणार आहात?