अक्षता चालतील, होमही चालेल, सगळं चालेल

धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या जागेसाठी आम्ही ९,२०० पाउंड भरले. ज्याला भरले त्याचा त्या जागेशी काडीचाही संबंध नव्हता. त्यातले ४,५०० परत मिळाले, उरलेल्यांसाठी भांडण चालू आहे. ‘हे लिहू नकोस, लोक हसतील,’ असं आई म्हणते. हसू देत. इंग्लंडमध्ये मुलांची लग्नं ठरवणारी तीन-चार मराठी घरं माझ्या ओळखीत आहेत आणि आमचं जिथे चुकलं, नेमकी तीच वाट ती धरताना दिसताहेत.

बहीण आणि होणारे मेहुणे दोघंही इथेच नोकरीला. दोघांना लग्न उन्हाळ्यात, कंट्री हाउसमध्येच हवं होतं. कंट्री हाउस म्हणजे आपल्याकडचं शनिवार-रविवारचं फार्महाउस नव्हे. जुन्या इंग्रज जमीनदारांचे हे वाडे. पिवळसर दगडाची दर्शनी बाजू, आत लाकडी जिना, समोर उतरत जाणारी हिरवळ. जुलैत तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे फोटो असे येतात की मीसुद्धा दोन दिवस तेच बघत बसले होते. या वाड्यांत लग्नं लागायला लागली ती १९९५ पासून. त्याआधी इथे लग्न म्हणजे चर्चसारखं प्रार्थनास्थळ किंवा सरकारी रजिस्टर ऑफिस. १९९४ च्या कायद्याने काउन्सिलची, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेची, मान्यता घेतलेल्या इतर जागाही खुल्या झाल्या आणि छपरं गळणाऱ्या कितीतरी वाड्यांना उत्पन्न सापडलं. २०२१ पासून मान्यताप्राप्त जागेच्या आवारात, उघड्यावरही कायदेशीर विधी करता येतो. म्हणजे हिरवळीवरचं लग्न हे काही स्वप्नरंजन नव्हतं. शनिवारच्या तारखा मात्र वर्ष-दीड वर्ष आधीच गेलेल्या असतात.

तिथेच तो माणूस आत शिरला. बहिणीने लग्नाच्या जागा शोधणाऱ्यांच्या एका ग्रुपवर विचारलं होतं. त्यावर त्याचा निरोप आला : कॉट्सवोल्ड्स या ग्रामीण भागातल्या अमुक घरातला जुलै २०२५ मधला एक शनिवार मोकळा झालाय, एका जोडप्याचं लग्न मोडलंय, घरमालकांना गवगवा नकोय म्हणून तारीख वेबसाइटवर टाकलेली नाही. एकूण १८,४०० पाउंड, चार हप्त्यांत.

आम्ही काही डोळे मिटून पैसे दिले नाहीत. जागा बघायची म्हणालो तर त्याने ऑगस्टमधला एक रविवार दिला. इथे नॅशनल गार्डन स्कीम नावाची योजना आहे, १९२७ पासूनची. खासगी घरांच्या बागा ठरावीक दिवशी लोकांना बघायला खुल्या असतात आणि तिकिटाचे पैसे धर्मादाय कामाला जातात. त्या रविवारी त्या घराची बाग खुली होती. ‘गेटवर तिकीट काढूनच या, चॅरिटीचं काम आहे, मी आतच असेन,’ असं त्याचं म्हणणं. योजनेचा यात काहीच दोष नाही, तिच्या नावाने कुणी बोटं मोडू नयेत. पण स्वतःच्या लग्नाची जागा बघायला आम्ही तिकीट काढून गेलो, हे आज आठवलं की मान खाली जाते.

आत तो होताच. पन्नाशीचा, लिननचा कोट, हातात फाइल. गुलाबांची नावं सांगत त्याने तासभर फिरवलं. मंडप कुठे पडेल, जेवणं कुठे होतील, पाऊस आला तर कुठे पळायचं, सगळं दाखवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मान लववून नमस्कार करत होता, लोकही हसून करत होते. घर आतून बघायचं म्हटल्यावर म्हणाला, आज पब्लिक डे, आज आतलं काही दाखवता येत नाही, फोटो पाठवतो. फोटो आले. सुंदरच होते. ते त्या घराच्या स्वतःच्या वेबसाइटवरून उचललेले होते, हे नंतर कळलं.

आता मूळ मुद्दा. मी घरातली शंकेखोर म्हणून ओळखली जाते आणि त्या दिवशी सगळे प्रश्न मीच विचारले. होम करायचाय, चालेल का? चालेल. घरात? घरातही चालेल. अक्षता? हो, तांदूळ चालतील. ढोल-ताशा? उत्तम. संगीत रात्री एकपर्यंत? हरकत नाही. केटरर आमचा? जरूर. परतताना गाडीत मी म्हणाले, किती समजूतदार माणूस आहे! दीड-दोनशे वर्षांचं, सरकारी वारसा यादीतलं घर, आत लाकडी जमीन, भिंतीवर तैलचित्रं, आणि तिथे उघडा अग्नी चालेल असं म्हणणारा माणूस मला समजूतदार वाटला. मेणबत्तीलासुद्धा परवानगी मागायला लावतात अशा घरांची माणसं.

पैशाचं सांगते. मेहुणे क्रेडिट कार्डाने भरणार होते. तो म्हणाला, कार्डाची फी बसते, थेट बँकेतून पाठवलेत तर तेवढी सूट देतो. सूट म्हटल्यावर आपण विरघळतोच. इथल्या १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ असं आहे की १०० पाउंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पर्यंत किमतीच्या गोष्टीचा नुसता पहिला हप्ता जरी क्रेडिट कार्डाने भरला, तरी विकणाऱ्याने दगा दिल्यास कार्ड कंपनीही तितकीच जबाबदार धरता येते. थोड्याशा सवलतीपायी आम्ही ते कवच काढून ठेवलं. बँकेच्या ॲपने नाव तपासलं, नाव जुळतं म्हणून बरोबरची खूण दाखवली. आम्ही निर्धास्त. पण त्या खुणेचा अर्थ खातं त्या नावाचं आहे एवढाच. त्याने घराच्या नावाला एक शब्द जोडून कंपनी काढली होती आणि खातं त्याच कंपनीचं होतं. कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीज हाउस या सरकारी कार्यालयाच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट बघता येतं : कंपनी केव्हा निघाली, संचालक कोण. आम्ही बघितलं ते सगळं होऊन गेल्यावर. पहिला हप्ता भरला त्या दिवशी त्या कंपनीचं वय होतं सात आठवडे.

४,६०० पाउंडांचा पहिला हप्ता सप्टेंबर २०२४ मध्ये गेला, तेवढाच दुसरा नोव्हेंबरमध्ये.

जानेवारीत बहिणीने रजिस्ट्रारसाठी फोन केला. हे नीट वाचा, कारण भारतातून बघणाऱ्यांना हा भाग माहीतच नसतो. जागा मिळाली म्हणजे लग्न ठरलं असं इथे होत नाही. कायदेशीर विधी लावायला काउन्सिलचे रजिस्ट्रार यावे लागतात, त्यांची तारीख वेगळी घ्यावी लागते, तीही जागा ज्या काउन्सिलच्या हद्दीत असेल तिथून. शिवाय दोघांनी रजिस्टर ऑफिसात जाऊन नोटीस द्यायची, तिच्यात जागेचं नाव लिहायचं, मग २८ दिवस थांबायचं. मेहुण्यांसारखा भारतीय पासपोर्ट आणि व्हिसा असेल तर तो काळ ७० दिवसांपर्यंत वाढू शकतो. आम्ही हे सगळं ‘नंतर बघू’ या खात्यात टाकलं होतं.

फोनवरच्या बाई म्हणाल्या, हे घर आमच्या मान्यताप्राप्त जागांच्या यादीत आहे, पण त्या शनिवारी तिथे आमचे रजिस्ट्रार आधीच ठरलेत. दुसऱ्या लग्नासाठी. तुम्ही घरवाल्यांशी एकदा बोलून घ्याल का?

बहिणीने मला फोन केला. ‘ताई,’ एवढंच म्हणाली आणि थांबली.

घराचा नंबर मी घराच्याच वेबसाइटवरून घेतला. इतके महिने आमच्याकडे त्याने दिलेलाच नंबर होता. तिथल्या मॅनेजर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आमचं कुठलंच बुकिंग नव्हतं, तो शनिवार कधी मोकळा झालाच नव्हता. मग त्यांनी विचारलं, ऑगस्टच्या त्या रविवारी तुम्ही चौघं होतात ना, एक जण फाइल घेऊन? मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, ‘तो तुमच्यातलाच कुणीतरी असेल असं मला वाटलं होतं.’

बँकेने पहिल्यांदा सांगितलं की हा तुमचा आणि व्यावसायिकाचा आपसातला वाद दिसतो, फसवणूक नव्हे. इथे पुष्कळ जण गप्प बसतात. आम्ही मॅनेजर बाईंकडून लेखी घेतलं की या कंपनीचा आमच्या घराशी संबंध नाही आणि कधीच नव्हता. पोलिसांकडच्या तक्रारीचा क्रमांक जोडला. त्या पत्राने पारडं फिरलं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे की अशा फसवणुकीत ग्राहकाने स्वतः पाठवलेले पैसेही बँकांनी परत द्यायचे, कमाल ८५,००० पाउंडांपर्यंत, आणि भार पाठवणाऱ्या व घेणाऱ्या बँकेने निम्मा-निम्मा उचलायचा. शेवटचा पैसा पाठवल्यापासून १३ महिन्यांच्या आत मागणी करावी लागते. बँक १०० पाउंडांपर्यंत कापून घेऊ शकते. आमचे घेतलेच.

म्हणून नोव्हेंबरचा हप्ता आला आणि सप्टेंबरचा अडकला. त्या तारखेआधी असे पैसे परत देण्याची, काही बँकांनी आपखुशीने मान्य केलेली एक संहिता होती, आमची बँक तिच्यात नव्हती. तीन-चार आठवड्यांचा फरक. प्रकरण आता बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या ओम्बड्समनकडे आहे, त्याला फी नाही. बाबांना हे समजावताना मी फोनवर तारखांचा हिशोब मांडत होते. त्यांनी मध्येच तोडलं. ‘पैशाचं राहू दे. लग्न कधी आहे ते सांग, तिकिटं काढायचीत.’

लग्न ऑगस्टमधल्या एका गुरुवारी ठरलं, दुसऱ्या, लहान घरात. या वेळी बहिणीने आधी काउन्सिलला फोन केला, मग घराला, आणि पहिला हप्ता क्रेडिट कार्डाने. बुकिंगच्या आधी तिथल्या बाईंनी आमची व्हिडिओवर जवळजवळ तोंडी परीक्षाच घेतली. घरात अग्नी अजिबात नाही. बाहेर हवा असेल तर तांब्याचं कुंड, खाली वाळू, शेजारी अग्निशामक आणि विम्याचा कागद आधी दाखवायचा. तांदूळ नाही, फुलांच्या सुक्या पाकळ्या चालतील, त्याही फक्त हिरवळीवर. ढोल आठपर्यंत, पलीकडे घोडे आहेत. आणि रजिस्ट्रार असतील तोवर मंगलाष्टका नाहीत, कारण सरकारी विधीत धार्मिक काही चालत नाही. ते गेल्यावर म्हणा.

बहिणीने माइक बंद केला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘ताई, ही खरी आहे.’