'रीबिल्ट' एमजीबी आणि ७३ मिलिमीटरचे पिस्टन

इंग्लंडात जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्या आणि स्वस्तात इंजिन बांधून देणारा शोधणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितोय.

माझी एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९७० ची, इंजिन १७९८ सीसीचं. तेल खायला लागली होती. नावाजलेल्या वर्कशॉपचे भाव ऐकूनच घाम फुटला. मग कॉव्हेंट्रीबाहेर शेडमध्ये काम करणारा एक मेकॅनिक कळला. माणूस गोडबोल्या, रोख दिले तर दहा टक्के सूट. बिल मात्र ऐटदार: ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रीबोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक (बोअर) कातून मोठं करणं, त्यात बसणारे नवे ओव्हरसाइज पिस्टन, क्रँकचं (पिस्टन फिरवतात त्या दांड्याचं) १० थाऊ ग्राइंडिंग, नवी बेअरिंग, हेडला अनलेडेड (बिनशिशाच्या) पेट्रोलसाठी कडक एक्झॉस्ट सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती रिंग. इंजिन परत आलं ते रंगवून, चकाचक. जुने पार्ट मागितले तर लगेच खोकं हातात ठेवलं. इतका सरळ माणूस!

थोडंफार फिरल्यावर गरम इंजिनचा ऑइल प्रेशरचा काटा आयडलिंगला शून्याकडे झुकायला लागला. एक्झॉस्ट टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) १५ थाऊ ठेवावं, की पुन्हा कमी. ही खूण ठरलेली. ब्रिटनमध्ये लेडवाल्या पेट्रोलची सर्रास विक्री १ जानेवारी २००० पासून बंद झाली. लेड नसलं की जुन्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो आणि टॅपेटचं अंतर खातो. कडक सीट बसवतात त्या याचसाठी.

दुसऱ्या मशीन शॉपमध्ये इंजिन उघडायला लावलं, फोटो काढून, मोजमापं लेखी घेऊन. एक्झॉस्ट सीटभोवती वेगळ्या रिंगची रेघच नाही. बेअरिंगच्या पाठीवर शिक्का 'एसटीडी', म्हणजे स्टँडर्ड, मूळ माप. क्रँक १० थाऊ घासला असता तर तिथे '०१०' असायला हवं. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन खरवडला, '०३०' कुठेच नाही. बोअरला पॉलिश पेपर मारलेला. म्हणजे पैसे गेले गॅस्केटला आणि रंगाला.

आणि ते खोकं? त्यातले पिस्टन मोजले तर ७३ मिलिमीटर. एमजीबीचा बोअर ८०.२६. ७३ म्हणजे त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन, आपल्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं होतं तेच. कुणा भलत्याच गाडीचे पिस्टन मला माझे म्हणून दिले होते!

काम देणार असाल तर ब्लॉक उघडा असतानाच जाऊन बोअर आणि जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) समोर मोजून घ्या, बेअरिंग बसण्याआधी त्यांची पाठ बघा. जुने पिस्टन स्वतः खूण करून द्या. रोखीच्या सुटीला भुलू नका: क्रेडिट कार्डाने दिलं आणि काम १०० पौंडांच्या वरचं असलं, तर १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम ७५ खाली बँकही जबाबदार धरता येते. रोखीत ती वाट बंद.

त्या मेकॅनिकला पत्र टाकलं. उत्तर आलं, "पार्ट तुम्हीच बदललेत." आता मोजमापांचा अहवाल जोडून स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) दावा लावलाय, तिथे १०,००० पौंडांपर्यंतची प्रकरणं चालतात. तारीख अजून लागायची आहे.