मुलाच्या शाळेची सायन्स लॅब : एका टूलरूमवाल्याचं मत

शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे आणि पोरगा अजून तिथेच नववीत आहे. मुंबईतली, फादर लोकांची, फक्त मुलग्यांची शाळा. ॲडमिशनच्या दिवसांत आमच्या बिल्डिंगमधले लोक मला गाठून विचारतात, शिस्त कशी आहे, इंग्लिश कसं आहे, डोनेशन किती. लॅबबद्दल आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही. म्हणून तेवढंच लिहितो.

मी मरोळच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये, एकवीस वर्षं आहे. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर ही बारीक मापं घ्यायची साधनं, माझे रोजचे सोबती. त्यामुळे ओपन हाउसला गेलो की मार्कांच्या कागदाआधी माझी नजर लॅबच्या कपाटाकडे जाते. या लॅबमध्ये नवं असं फार काही नाही. स्टॉपवॉच सहा, त्यांतली चालू चार. मायक्रोस्कोप एकाला चार पोरं, म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी बघायला रांग लागते आणि मागचा पुढच्याला ढकलतो. पण व्हर्निअरचे जबडे पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवलेले दिसले. मी ते मिटवून बघितले, शून्याला शून्य बरोबर जुळलं. आमच्याकडे नव्या पोरांना हे शिकवता शिकवता वर्ष जातं.

हे सगळं लॅबच्या मामांचं काम. प्रयोग झाला की परीक्षानळी ज्याची त्याने ब्रशने घासायची आणि उलटी करून स्टँडला लावायची. मामा एकेक नळी उजेडाकडे धरून बघतात, डाग दिसला की परत बेसिनला. घरी स्वतःचं ताट न उचलणारा आमचा हिरो तिथे गुपचूप घासतो. हिला सांगितलं तर विश्वासच बसेना.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. शनिवारी सकाळी सायन्स क्लब असतो. तिथे सरांनी आठवीच्या पोरांना लंबक दिला, जो एरवी अकरावीत येतो. एक मीटर दोरा, खाली पितळी गोळा. वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्व त्वरण काढायचं. आमच्या पोराच्या गटाला वेळ मिळाला 38.1 सेकंद, उत्तर निघालं 10.88. पुस्तकात 9.8. पोरांनी मग मी शाळेत असताना जे करायचो तेच केलं : उलटं गणित करून 40.1 लिहायला निघाले. सरांनी तिथेच थांबवलं. आकडा खोडायचा नाही, चूक सापडेल तेव्हा त्याच्याखाली लिहायची. मग त्यांना व्हरांड्यात नेलं आणि कठड्याचे वीस गज मोजून घेतले. आता मधल्या फटी मोजा म्हणाले. एकोणीस भरल्या. पोरांनी गोळा सोडतानाच 'एक' म्हटलं होतं, तिथे 'शून्य' म्हणायला हवं होतं. झोके एकोणीसच झाले होते. 38.1 ला 19 ने भागल्यावर उत्तर आलं 9.82.

मी ऐकून पाच मिनिटं गप्प बसलो. आमच्याकडे नवीन पोरगा प्लेटवर ओळीत दहा भोकं पाडताना अंतराला दहाने भागतो, गाळे नऊ असतात हे विसरतो, आणि अख्खा लॉट भंगारात जातो. आयटीआय करून आलेला असतो तो.

पावसाळ्यात वनस्पती गोळा करायला लावतात. टाकळा, आघाडा, कुर्डू, तेरडा, जे मैदानाच्या कडेला उगवेल ते. जुन्या वर्तमानपत्रात दाबायचं आणि कागद रोज बदलायचा. आमच्याने दोन दिवस आळस केला आणि तेरड्याला बुरशी आली. तोही तसाच वहीत चिकटवायला लावला, बाजूला कारण लिहून. फादरनी तेव्हा पोरांना झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमबद्दल, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाबद्दल, सांगितलं. फादर एथेलबर्ट ब्लॅटर मूळचे स्वित्झर्लंडचे, त्यांनी हे 1906 मध्ये सुरू केलं. सव्वीस वर्षं त्या कॉलेजवरून बस जाते माझी, मला पत्ता नव्हता.

तक्रारी दोन. पहिली दहावीची. सायन्सला लेखी 80 आणि प्रॅक्टिकल 20. दिवाळी झाली की त्या 80 पायी लॅबला कुलूप, उरलेले प्रयोग फळ्यावरून जर्नलमध्ये उतरवायचे. वरच्या वर्गातल्या मुलाचं जर्नल बघितलं, शेवटच्या आठ पानांवर एक काट नाही. सगळी रीडिंग देवाने दिल्यासारखी.

दुसरी रोबोटिक्सची. बाहेरची कंपनी येते, वेगळी फी घेते. पोरं चार स्क्रू लावतात, मोबाईलवरून गाडी पळते, टाळ्या, आणि तास संपला की डबा बंद करून कंपनी घेऊन जाते. आत काय आहे ते उघडून बघायची परवानगी नाही! तेवढ्या पैशात लॅमिंग्टन रोडवर मोटरी, ब्रेडबोर्ड, एलईडी, सोल्डरिंग गन असं पिशवीभर सामान येतं, आणि जळलं तर पोरगा काहीतरी शिकतो. मी पालकसभेत हे बोललो. माझ्यानंतर एक मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, रोबोटिक्स पहिलीपासून हवं. त्यांना टाळ्या पडल्या.

लॅबला पाचपैकी चार, रोबोटिक्सला एक. बघायला जाणार असाल तर कुणाही मुलाचं जर्नल मागा आणि खाडाखोड शोधा. आणि पोराला बंद बूट घ्या. सँडल घालून आलेल्याला मामा आत घेत नाहीत, आमचा दोनदा दारातून परत आलाय.